चौतीस बदाम

रेगेन्सबर्गला माझं मास्टर्स संपलं तेव्हा नोकरी शोधायला मला दीड वर्षाची मुदत मिळाली. त्यातले सोळा महिने गेले तरी माझ्याकडे नकाराच्या ईमेलांशिवाय काही जमलं नव्हतं. जर्मन नकार फार सभ्य असतो, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा देऊन संपतो. अशा शुभेच्छा वाचून वाचून मला त्या शब्दाचीच धास्ती बसली होती.

मी फोनच्या स्क्रीन डिझाइन करायचे. माणसाचा अंगठा कुठे जाईल, कुठे अडखळेल, कुठल्या पायरीला कंटाळून तो अ‍ॅप बंद करेल, हे आधीच ओळखायचं आणि त्याची वाट सोपी करायची, हे माझं काम. ते मला चांगलं यायचं. जर्मन मात्र बेताचंच यायचं, आणि मुलाखतीत तेवढंच दिसायचं.

बाबा नागपूरहून रोज फोन करायचे. आधी विचारायचे, "काही झालं का?" मग त्यांनी ते विचारणं सोडलं आणि इथलं हवामान विचारायला लागले. ते हवामान विचारणं मला जास्त लागायचं.

अशात माझ्या बॅचच्या एका जर्मन वर्गमित्राने मला बोलावलं. तो प्रोग्रॅमर होता. लहानपणापासून वडिलांबरोबर जंगलात अळंबी गोळा करत फिरलेला. बव्हेरियात सप्टेंबर लागला की लोक टोपल्या आणि वाकडे सुरे घेऊन झाडीत शिरतात. सापडलेली अळंबी एकमेकांना दाखवतात, नावावरून वाद घालतात, घरी नेऊन लोण्यात परततात. या लोकांसाठी त्याला एक अ‍ॅप काढायचं होतं. फोटो टाकायचा, ओळख विचारायची, गप्पा मारायच्या. कंपनी त्याने कागदावर काढली होतीच. मला नोकरीचं पत्र देणार होता, आणि त्या पत्रावर माझा इथला मुक्काम पुढे सरकणार होता.

मी त्याला विचारलं, "यात माझ्याआधी कोणी होतं का?"

"दोघं होते. ते मोठ्या कंपनीत गेले."

मला तसं कुठे जाता येत नव्हतं. मी हो म्हटलं.

अळंबीतलं मला काहीच कळत नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात चंद्रपूरकडून सात्या, म्हणजे तिकडची रानअळंबी, येतात, त्या आई ओळखीच्या बाईकडूनच घ्यायची. बाकी उगवतं ते सगळं कुत्र्याची छत्री, त्याला हात लावायचा नाही, एवढंच ज्ञान. म्हणून वर्गमित्राने माझी गाठ एका सत्तरीच्या बाईंशी घालून दिली. त्या निवृत्त फार्मसिस्ट होत्या आणि अळंबी-सल्लागार. म्हणजे परीक्षा पास होऊन लोकांच्या टोपल्या फुकट तपासून देणाऱ्या. अशी माणसं इकडे गावोगाव असतात. मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणायचे. तोंडावर अर्थातच 'फ्राऊ' आणि आडनाव.

आजींच्या स्वयंपाकघरात बसून मी या लोकांबद्दल शिकले. पहिली गोष्ट म्हणजे आपली जागा कोणी कोणाला सांगत नाही. "माझ्या नवऱ्याने मरतानाही सांगितली नाही," आजी म्हणाल्या. "मी मागावर जाऊन शोधली." म्हणून मी असं ठरवलं की अ‍ॅपने फोटोतली नेमकी जागा फोनमध्येच पुसून टाकावी आणि नकाशावर फक्त दहा किलोमीटरचा चौकोन दाखवावा. नाव, ईमेल, फोन नंबर काही विचारायचं नाही. एक टोपणनाव घेतलं की झालं. लोकांना हे फार आवडलं. मलाही माझा अभिमान वाटला.

आजींनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, ओळख विचारायची तर तीन फोटो सक्तीचे हवेत: वरून, टोपीच्या खालून, आणि देठाचा जमिनीतला बुंधा. दुसरी, उत्तराखाली लाल बदामाचं, म्हणजे लाइकचं, बटण नको.

"का नको?" मी विचारलं.

"कारण तुमचा बदाम म्हणजे काय, हे मला कळत नाही. छान फोटो? छान माणूस? की बरोबर उत्तर?"

मी दोन्ही गोष्टी घरी येऊन करून पाहिल्या. तीन फोटोंच्या पायरीवर निम्मे लोक अ‍ॅप सोडून जात होते. बदाम काढला तर उत्तरं थंडावत होती. म्युनिकचे गुंतवणूकदार येणार होते, त्यांना लोक दिवसातून कितीदा अ‍ॅप उघडतात ते बघायचं होतं. वर्गमित्र म्हणाला, "हे बघ, तू डिझायनर आहेस, तू ठरव." मी ठरवलं. एक फोटो, आणि ज्या उत्तराला जास्त बदाम ते सगळ्यात वर. आजींना मी सभ्य ईमेल लिहिला, की तुमच्या सूचना मोलाच्या आहेत, पुढच्या आवृत्तीत नक्की विचार करू. त्यातही शुभेच्छा होत्या.

लोक येत गेले. पानगळीच्या त्या महिन्यात जंगलात खूप माल आला होता. मी दिवसभर फोन बघत बसायचे आणि बदाम वाढताना बघून माझा जीव थोडा भांड्यात पडायचा.

तो सोमवार होता. मी दात घासत असताना आजींचा फोन आला. त्या फोनवर कधी नमस्कार केल्याशिवाय बोलत नसत. त्या दिवशी म्हणाल्या, "कालचा दुपारचा फोटो बघा. हिरव्या टोपीचा. निळं टेबल."

मी बघितला. स्वयंपाकघरातलं टेबल, वर निळं मेणकापड, त्यावर नीट मांडलेल्या सात हिरवट टोप्या. सुंदर उजेडात वरून काढलेला. खाली पहिलं उत्तर, नेहमी उत्साहाने बोलणाऱ्या एका माणसाचं: हिरवा टॉयब्लिंग, लोण्यात उत्तम लागतो. त्याला चौतीस बदाम. आणि त्याखाली विचारणाऱ्याने लिहिलं होतं, सगळ्यांचे आभार, आज रात्रीच्या जेवणाला करतो.

"हा टॉयब्लिंग नाही," आजी म्हणाल्या. "माझ्या मते हा क्नोलेनब्लेटरपिल्स आहे. विषारी. खात्री नाही, कारण बुंधा दिसत नाही. त्याने देठ कापलेत. पण हा माझ्यापुढे तपासायला आला असता तर मी टोपलीसकट फेकला असता."

"म्हणजे काय होईल?"

"पहिले दहा-बारा तास काही होत नाही. मग उलट्या. मग एक दिवस बरं वाटतं. आणि मग यकृत जातं. हा माणूस कोण आहे?"

तो माणूस कोण आहे ते मला माहीत नव्हतं. कोणालाच कळू नये म्हणून मीच तर सोय केली होती.

मी त्याला अ‍ॅपवर संदेश टाकला: खाऊ नका, खाल्लं असेल तर लगेच हॉस्पिटलात जा. तो वाचला गेला नाही. फोनच्या पडद्यावर सूचना पाठवता आली असती, पण त्याने तशी परवानगी दिलेली नव्हती, कारण आम्ही ती मागितलीच नव्हती. लोक वैतागू नयेत म्हणून ती तिसऱ्या पोस्टनंतरच मागायची, हेही मीच लिहून दिलं होतं. त्याची ही पहिलीच पोस्ट होती.

वर्गमित्राला उठवलं. त्याने सर्व्हर धुंडाळला. टोपणनाव एका पक्ष्याचं, आणि रेगेन्सबर्गच्या पूर्वेचा दहा किलोमीटरचा एक चौकोन. बाकी काही नाही.

"अ‍ॅप बंद कर," मी म्हटलं.

"शुक्रवारी म्युनिकची मीटिंग आहे."

"असाच दुसरा फोटो आत्ता कुठेतरी चढत असेल."

मी फोन ठेवला आणि पोलिसांना लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, माणसाचं नाव? माहीत नाही. पत्ता? माहीत नाही. तो आजारी आहे का? ते पण माहीत नाही. माझं जर्मन त्या दिवशी पार ढासळलं. सगळी क्रियापदं वाक्याच्या शेवटी पोचायच्या आत हरवत होती. विषबाधेच्या हेल्पलाइनवरच्या बाई जास्त समजून घेणाऱ्या होत्या, पण त्याही म्हणाल्या, रुग्ण आमच्यापर्यंत पोचला पाहिजे.

मी खाली जमिनीवर बसले. एखाद्या घरात आत्ता कोणीतरी पोट धरून पडलंय आणि त्याला का ते ठाऊक नाही, आणि जगात ते ठाऊक असलेली आम्ही तीनच माणसं आहोत, हा विचार डोक्यातून हलेना. मी फोटो पुन्हा उघडला. मोठा केला. अजून मोठा केला. वरच्या कोपऱ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरचा तुकडा आला होता. त्यावर लाल फायर ब्रिगेडची गाडी, आणि खाली गावाच्या नावाची शेवटची अक्षरं, 'इंग'.

आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे गावच्या फायर ब्रिगेडचं कॅलेंडर, बेकरीत हमखास लटकतं. बव्हेरियात निम्मी गावं इंगवर संपतात. पण ही अळंबी ओक आणि हॉर्नबीमच्या झाडांखाली उगवते, आणि त्या चौकोनात तसं जंगल सगळीकडे नाही. दहा मिनिटांत खाली या."

त्यांच्या जुन्या गाडीत नकाशा मांडीवर घेऊन मी बसले. आजी सत्तरीच्या, पण गाडी अशी हाकत होत्या की मी दार धरून ठेवलं. पहिल्या गावात बेकरीच्या भिंतीवरचं कॅलेंडर वेगळं होतं. दुसऱ्या गावातली बेकरी सोमवारी बंद असायची. आम्ही एका घराची बेल वाजवली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फोटो पाहिला आणि अळंबीच्या किमान पाच आठवणी सांगितल्या. आजींनी त्यांना मध्येच तोडलं. जर्मनीत इतक्या वर्षांत मी असं कोणी तोडताना पाहिलं नव्हतं.

गाडीत मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं होतंत."

"हो," त्या म्हणाल्या. रस्त्यावरची नजर काढली नाही. "आता नकाशा बघा."

तिसऱ्या गावच्या बेकरीत, ब्रेडच्या फळ्यांशेजारी, तीच लाल गाडी लटकत होती. आजींनी काउंटरवरच्या बाईला विचारलं, इथे अळंबी गोळा करणारं घर कुठलं, तिथे कोणी आजारी पडलंय का? त्या बाईने आमच्याकडे नीट पाहिलं. "सकाळी सातला अ‍ॅम्ब्युलन्स आली होती," ती म्हणाली. "वडील आणि लहान मुलगी. पोटाचं काहीतरी."

आजींनी तिथेच, बेकरीच्या पायरीवर उभं राहून, तालुक्याच्या छोट्या हॉस्पिटलला फोन लावला. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, औषधांच्या दुकानातल्या काउंटरमागून चाळीस वर्षं बोललेला. मी फक्त त्यांची बाजू ऐकत होते. "हो, कळलं, त्याने सांगितलं की तपासून घेतली होती. नाही. ऐका. तपासलेली नव्हती."

डॉक्टरांनी विचारलं होतंच. रुग्ण म्हणाला होता की अळंबी खाल्ली, पण ती चांगल्या जाणकारांना दाखवून खाल्ली. त्यामुळे पोट बिघडलंय असं धरून दोघांना सलाईन लावून ठेवलं होतं. आजींच्या फोननंतर तासाभरात त्यांना रेगेन्सबर्गच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तेवढे काही तास आम्ही वाचवले असतील. जास्त नाही.

परत येताना वर्गमित्राचा मेसेज आला. त्याने अ‍ॅप खाली घेतलं होतं. मी विचारलं नाही, का ते.

मंगळवारी मी हॉस्पिटलात गेले. आजी म्हणाल्या होत्या, जाऊ नका, त्यांना आत्ता तुमचा उपयोग नाही. मी तरीही गेले. कॉरिडॉरमध्ये त्या माणसाची बायको खुर्चीवर बसली होती. तिला अळंबी आवडत नव्हती, म्हणून ती वाचली होती. पायाशी मुलीचे बूट होते, गुलाबी, तळव्याला वाळलेला चिखल. मी बाजूला उभी राहून म्हटलं, "ते अ‍ॅप मी बनवलं."

तिने वर पाहिलं. रागावली नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"त्याने मला दाखवलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, नक्की ना? तर त्याने फोन पुढे केला. बघ, चौतीस जणांनी हो म्हटलंय."

"ते हो नव्हतं," मी म्हटलं. "त्यांना फोटो आवडला होता."

ते वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय केलं होतं. आजींनी विचारलेला प्रश्न मी तोपर्यंत समजूनच घेतला नव्हता. 

"फोटो," ती म्हणाली. मग म्हणाली, "कृपा करून जा."

त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला आणि मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. बाबा दर रविवारी विहारात वंदनेला जातात, तिथे लहान मुलांना गोष्टी सांगतात. त्यांनी मलाही गोष्टच सांगितली, भगवान बुद्धांच्या शेवटच्या जेवणाची. एका लोहाराने ते श्रद्धेने वाढलं होतं. ते अन्न काय होतं यावर मतं वेगळी आहेत, काही जण म्हणतात अळंबीच. त्यानंतर भगवंतांचं दुखणं वाढलं, तेव्हा त्यांनी निरोप ठेवला की त्या लोहाराला कोणी दोष देऊ नये.

"बाबा," मी म्हटलं, "त्या लोहाराला कोणी आधी बजावलं नव्हतं. मला बजावलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मला तेव्हा इतकं रडू आलं की फोन ठेवावा लागला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला सलग आठवत नाही. आजी हॉस्पिटलातल्या ओळखीच्या बाईकडून बातमी काढून मला सांगायच्या. मुलीने दोनच घास खाल्ले होते. तिची तब्येत आठवड्यात सुधारली, ती घरी गेली. वडिलांना दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, ते उठून बसले, हसले. आजींनी हे सांगताना आवाज मुद्दाम सपाट ठेवला. चौथ्या दिवशी त्यांना कावीळ चढली, मग ग्लानी आली. मी देव न मानणाऱ्या बौद्ध घरातली. कोणाकडे काही मागायची सवय नाही. मी खोलीत येरझारा घालत फक्त 'यकृत, यकृत' असं मराठीत पुटपुटत राहायचे, जणू त्या अवयवालाच विनवत होते. अकराव्या दिवशी त्यांना दुसऱ्या कोणाचं तरी यकृत मिळालं. कुठेतरी कोणीतरी गेलं होतं, म्हणून.

ते वाचले. आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागणार होत्या.

आमची कंपनी दिवाळीच्या आधी बंद झाली. वर्गमित्र आणि मी एकमेकांवर ओरडलो नाही, भेटणं मात्र थांबलं. माझी मुदत संपत आली होती. परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, नोकरी का सुटली? मी खरं काय ते मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी टाइप करणं थांबवलं. मग मला त्यांच्या अधिकारात बसत होते तेवढे तीन महिने लिहून दिले. तिसऱ्या महिन्यात मला वाल्डॉर्फजवळ एका सॉफ्टवेअर कंपनीत काम लागलं, गोदामांतल्या मालाच्या स्क्रीन आखायचं. मुलाखतीत मी अळंबीचं सांगितलं. का घेतलं मला, ते मी कधी विचारलं नाही.

जायच्या आधी, फेब्रुवारीत, मी त्या माणसाला पत्र लिहिलं. भेटायला येऊ का. उत्तर बायकोचं आलं, एका ओळीचं: शनिवारी तीन वाजता.

तो सोफ्यावर ब्लँकेट घेऊन बसला होता. माझ्या कल्पनेपेक्षा तरुण. चेहरा औषधांनी सुजलेला, हात काड्यांसारखे. मी पाठ करून आणलेली वाक्यं सुरू केली. तो मध्येच म्हणाला, "थांबा. मला आधी बोलू द्या."

मी थांबले.

"माझे आजोबा मला सांगायचे, बुंधा खणून बघ. मला ते माहीत होतं. मी घाईत देठ कापले, कारण फोटोत ते छान दिसत नव्हते." त्याने श्वास घेतला. "तुम्हाला इतका त्रास झाला. माफ करा."

शिव्या दिल्या असत्या तर त्या घ्यायला मी तयार होऊन गेले होते. ही माफी कुठे ठेवावी ते मला समजेना, आजही समजत नाही. मी म्हटलं, "नाही. ते बटण माझं होतं." तो म्हणाला, "हो, ते पण खरं."

तेवढ्यात त्याची मुलगी दारात आली, तिने मला बघितलं, वडिलांना विचारलं, "ही कोण?"

"ही पाहुणी आहे," तो म्हणाला.

ती आत आली नाही, पण गेलीही नाही. चौकटीला टेकून उभी राहिली आणि माझा कॉफीचा कप रिकामा होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

निघताना बायकोने हात पुढे केला नाही. मी फाटकाबाहेर पडेपर्यंत दार मात्र उघडं ठेवलं. बस यायला चाळीस मिनिटं होती. थांब्यावर बाक नव्हता. मी उभी राहिले, आणि पहिल्यांदाच बाबांना मी स्वतःहून फोन लावला.